हात कशाला लावलास?

माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची खालची पट्टीच गायब. घड्याळ नाही, मेनू नाही, समोर नुसता वॉलपेपर. आणि आई मागे उभी, तिला फोटो बघायचे होते.

"चांगलं चाललं होतं ना? मग हात कशाला लावलास?"

काय सांगणार? पट्टी चार पिक्सेलनी बारीक करायची होती, बस्स. एक्सएफसीईत (लिनक्सवरचा माझा डेस्कटॉप) हे उजव्या क्लिकनं होतं. पण मी शहाणपणा करून सेटिंगची फाइलच उघडली.

मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या हुकुमांवर चालणारा काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर. लॉगिन करून डॉट-कॉन्फिगमधल्या, म्हणजे सेटिंग जिथे राहतात तिथल्या, एक्सएफसीई४ फोल्डरचं नाव बदललं (पुसला नाही, तेवढी अक्कल आता आलीय) आणि मशीन पुन्हा चालू केलं. पट्टी आली, पण पहिल्या दिवसासारखी कोरी. माझे शॉर्टकट, रंग, आयकॉन, काहीच नाही.

आईनं फोटो बघितले. जाताना म्हणाली, "हेच छान दिसतंय की."

दोन वर्षांची माझी कलाकुसर, आणि तिला कोरंच आवडलं!

लिनस टॉरवल्ड्सनं १९९१ मध्ये स्वतः लिहीत असलेल्या लिनक्सची बातमी दिली तेव्हा लिहिलं होतं की हा नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात. माझ्याकडे मात्र तो अजून छंदच आहे. कुलूपच नसलेलं कपाट, दिसलं की उघडावंसं वाटतं.

पट्टी अजून चार पिक्सेल जाडच आहे. आई झोपली की बघू?