दादाने टाकलेली फाईल

बडोद्यात कोणी म्हणालं की आमची फाईल लागलीय, तर कसली फाईल असं विचारावं लागत नाही. कोणाचा तरी भाऊ नाहीतर बहीण अमेरिकेत सिटिझन झालेली असते आणि तिने इकडच्यांसाठी अर्ज केलेला असतो, मग शेजारचे पटेल असोत नाहीतर आम्ही दांडिया बाजारातले मराठी. माझी फाईल दादाने टाकली, २००६ च्या सुरुवातीला. न्यू जर्सीत सिटिझन झाल्या झाल्या त्याने हेच काम केलं. तेव्हा मुलगी पहिलीत होती आणि मुलगा तीन वर्षांचा. आमचा नंबर आता कुठे लागला. मुलगी पुण्यात नोकरी करते, मुलाचं इंजिनियरिंग झालं, आणि माझे गुडघे जिना चढताना बोलायला लागलेत.

बरेच जण विचारतात एवढा वेळ का लागतो, म्हणून सांगते. भावाबहिणीची कॅटेगरी एफ-४. नुसतं ग्रीन कार्ड असून भावंडाला बोलावता येत नाही, सिटिझनच असावं लागतं. आणि भावंड म्हणजे भावंडच, आतेभाऊ मावसबहीण दीर नणंद यांच्यासाठी खिडकीच नाही (आमच्याकडे एका लग्नात एक काका मला विचारत होते की तुझ्या दादाला सांग ना आमच्या मुलासाठी पण टाकायला, आता काय सांगायचं). सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, त्यातच नवराबायको आणि मुलं पण मोजायची, आणि वर एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. अर्ज करणारे आपले किती, ते बडोद्यातल्या कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला कळेल. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते असतं, ती तारीख कधी दोन आठवडे पुढे जाते, कधी हलतच नाही, कधी चक्क मागे येते. आमचे हे दर महिन्याला ते बघायचे आणि काही न बोलता चहा मागायचे, त्यावरून मला कळायचं. २०१७ मध्ये तर ही कॅटेगरीच बंद करायचं बिल आलं होतं, ते पास झालं नाही, आणि २०२० मध्ये कोरोनात बहुतेक इमिग्रंट व्हिसे थांबवले ते २०२१ च्या फेब्रुवारीत मोकळे झाले.

पण थांबणं एक वेळ परवडलं, कागद नको.

भाऊबहीण आहोत हे सिद्ध करायचं म्हणजे दोघांच्या जन्मदाखल्यांवर निदान एक पालक तरी सारखा दिसायला हवा. सोपं वाटतं ना? दादा हा आईचा पहिला, म्हणजे बाळंतपण माहेरी, इंदूरला. आजोबांनी नोंद करताना आईचं माहेरचं नाव लिहिलं. माझा जन्म बडोद्याचा, इथे आई सासरच्या नावाने, म्हणजे पहिलं नावच वेगळं, लग्नात बदललेलं. वडील इंदूरच्या कागदावर वसंतराव, इथल्या गुजराती कागदावर वसंतभाई, शाळेच्या दाखल्यावर नुसते वसंत. माझ्या जन्माच्या नोंदीत तर माझं नावच नाही, फक्त मुलगी एवढंच. आणि मग मी लग्न केलं आणि माझंही नाव, मधलं नाव, आडनाव सगळं बदललं, वर रेशन कार्डावर मागे बेन लागलं ते वेगळंच. म्हणजे कागदावर बघितलं तर दादाचा आणि माझा काही संबंधच नाही.

शेवटी शाळा सोडल्याचे दाखले, आईबाबांच्या लग्नाचा कागद, माझं मॅरेज सर्टिफिकेट, आणि इंदूरच्या मामाचं अ‍ॅफिडेव्हिट की ही दोन्ही माझ्या बहिणीचीच मुलं आहेत आणि माझ्या डोळ्यांदेखत वाढली. मामा ऐंशीच्या पुढचे, सही करताना म्हणाले, सरकारला शंका असेल तर दोघांना भांडताना बघा म्हणावं.

आता मुलांचं. एकवीस वर्षं पूर्ण झाली की मूल आईबापांच्या फाईलमधून बाहेर पडतं. पण २००२ चा एक कायदा आहे, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, त्यात असं आहे की अर्ज मंजूर व्हायला जेवढा काळ लागला तेवढा काळ, व्हिसाचा नंबर लागतो त्या दिवशीच्या वयातून वजा करायचा. आमचा अर्ज मंजूर झाला २०१० च्या शेवटी. म्हणजे तिकडच्या ऑफिसात फाईल जेवढी पडून राहिली तेवढी माझी मुलं कागदावर लहान झाली, आणि ज्यांची पटकन मंजूर झाली ते आनंदाने पेढे वाटून बसले त्यांची मुलं हुकली. मुलगा आरामात बसला. मुलगी वजाबाकी करूनसुद्धा काही महिन्यांनी हुकली. मला वाटलं होतं निदान दादाची २००६ ची तारीख तरी तिला पुढे वापरता येईल, पण तेही नाही, २०१४ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने असल्या मुलांच्या विरुद्ध निकाल दिलाय. तिच्यासाठी मी ग्रीन कार्ड मिळाल्यावर नवीन अर्ज करायचा, परत शून्यापासून रांग.

मधे एक गोष्ट झाली ती कोणी बोलत नाही पण प्रत्येक घरात होते. दादाची बायपास झाली. रात्री वहिनीचा फोन, सगळे रडवेले, देवापाशी दिवा लावला, आणि तासाभराने आमच्याच घरातलं कोणीतरी हळूच म्हणालं, की फाईलचं काय होतं मग? मला इतका राग आला. पण मीच नंतर रात्री जागून वाचलं, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. अर्ज करणारा गेला तर अर्जही जातो. दयेच्या कारणावर तो परत उभा करायची सोय आहे पण ती त्यांच्या मर्जीवर. दादा ठणठणीत आहे आता, रोज चालायला जातो, आणि हे वाचेलच, तर दादा, पथ्य पाळ.

तो रिटायर झाल्यामुळे स्पॉन्सरशिपच्या, म्हणजे येणाऱ्यांचा खर्च सांभाळायच्या हमीच्या, आय-८६४ फॉर्मवर त्याची एकट्याची मिळकत पुरेना, तिकडच्या गरिबी रेषेच्या सव्वापट दाखवावी लागते, आणि घरात जाणारी सगळी डोकी त्यात धरायची. मग भाच्याने जॉइंट स्पॉन्सर म्हणून वेगळा फॉर्म भरला. ही सही साधी नाही, आम्ही सिटिझन होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांचं काम भरेपर्यंत ती त्याच्या गळ्यात. त्याच्या बायकोने एका शब्दाने विचारलं नाही, हे मी विसरणार नाही.

आणि खरा घोळ पुढेच आहे. फाईल माझ्या नावाची, म्हणजे मी गेल्याशिवाय मुलगा जाऊ शकत नाही, नवराही नाही. मला जायचंय का हे वीस वर्षांत कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही, तेव्हा मुलांसाठी म्हणून हो म्हटलं होतं. सासूबाई ब्याऐंशीच्या, सूरसागर तळ्याची हवा सोडून कुठे जायच्या नाहीत. ग्रीन कार्ड घेऊन वर्षभर बाहेर राहिलं तर ते जायची पाळी येते, सहा महिन्यांच्या वर झालं तरी एअरपोर्टवर प्रश्न. रीएंट्री परमिट, म्हणजे जास्त दिवस बाहेर राहून परत यायची परवानगी, मिळतं, जास्तीत जास्त दोन वर्षांचं, पण अर्ज तिकडे असतानाच करायचा. तेव्हा बेत असा, की तिघं जायचं, मुलाला भाच्याकडे सोडायचं, परमिटचं काम करून आम्ही दोघं परत. तोपर्यंत नणंद सासूबाईंजवळ राहायला येणार आहे.

मुलाला सांगून ठेवलंय की तिकडे पाय ठेवेपर्यंत लग्नाचं नाव काढू नकोस, लग्न झालं की तो फाईलमधून बाद. मुलगी म्हणाली, आई, माझ्यासाठी अर्ज करूच नकोस. ग्रीन कार्डवाल्या आईला लग्न झालेल्या मुलीसाठी अर्ज करता येत नाही, आणि तिने तर पुण्यातलाच मुलगा पसंत केलाय. डिसेंबरचा हॉल बुक झालाय, अ‍ॅडव्हान्स दिलाय. कागद सगळे पास झालेत आणि मुंबईच्या इंटरव्ह्यूचं पत्र कधीही येईल, तेही डिसेंबरचंच आलं तर दुसरी तारीख मागायची असं आम्ही ठरवलंय. ह्यांनी हे ऐकलं आणि काही न बोलता चहा मागितला नाही, स्वतः उठून केला.