रीळ बदलताना

आजोबांचा मूकपटांचा तंबू होता हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "संवाद नाहीत, गाणी नाहीत, मग पिक्चर लोकांना आवडला की नाही हे मालकाला कळायचं कसं?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देतो, "गल्ल्यावरून, दुसरं काय!"

नाही हो. नुसत्या गल्ल्यावरून नाही. १९१३ साली सुरतेत 'राजा हरिश्चंद्र'च्या पहिल्या खेळाला तीन रुपये जमले होते. दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक बघणारं गाव ते. दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? खेळ लांबवा नाहीतर दर उतरवा, असं फाळक्यांना सांगण्यात आलं. त्यांनी दोन्ही केलं नाही. जाहिरात दिली : सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! (फिल्म होती जेमतेम ३,७०० फूट, म्हणजे मैलभरसुद्धा नाही. असो.) लोक लोटले. आता सांगा, पहिल्या दिवशीचे ते तीन रुपये पिक्चरचे की पाटीवरच्या दराचे?

आजोबांची रीत वेगळी होती. तंबूत मशीन एकच. हजार फुटांचं रीळ पंधरा मिनिटांत संपायचं, मग कंदील वर आणून दुसरं रीळ चढवायचं. तेवढ्या वेळात आजोबा कनातीच्या बाहेर, आत पाठ करून उभे राहायचे. आत "आता तो परत येतोय का बघ" असं चाललं असेल तर मुक्काम वाढवायचा. बैलाच्या किमतीवर गोष्ट गेली असेल तर उद्या पेटी बांधायची. दुसरी खूण पाट्यांची. पडद्यावर मजकूर आला की वाचता येणारा एखादा मोठ्याने वाचायचा आणि आजूबाजूचे दहाजण ऐकायचे. वाचणारा मध्येच गप्प झाला तर दोनच अर्थ : एक तर तो कंटाळलाय, नाहीतर गोष्टीत इतका बुडालाय की शेजाऱ्यांचा विसर पडलाय. कुठला, हे ओळखणं म्हणजे धंदा.

हे सगळं मी वर्षानुवर्षं फुशारकीने सांगत आलो. "आजोबांना पब्लिकची नाडी कळायची," हे माझं ठरलेलं वाक्य. ते मी मागे घेत नाही, पण हल्ली म्हणताना अडखळतो.

बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ साली लोकांनी उचलला नाही. देवादिकांचे चमत्कार बघायला आलेल्यांना कर्जात बुडालेला शेतकरी नको होता. आज त्याच पिक्चरवर व्याख्यानं होतात. तेव्हा तो उतरवणाऱ्या मालकांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. मी म्हणत नाही, कारण मीही एक उतरवलाय.

तंबूचं पुढे तालुक्याच्या गावी पक्कं थिएटर झालं आणि वडिलांनंतर ते माझ्याकडे आलं. एका शुक्रवारी एक साधा घरगुती पिक्चर लावला. मॅटिनी निम्मी रिकामी. मध्यंतरात मी चहाच्या खिडकीशी कान देऊन उभा राहिलो, आजोबांसारखाच. कोणी काही बोलेना. लोक कप घेऊन नुसते उभे. शनिवारी तेच. रविवारी संध्याकाळचा शो सुटला आणि डोअरकीपर माझ्याकडे आला. माझ्या वडिलांच्या वेळचा माणूस. म्हणाला, "मालक, बायका उठत नाहीत."

"म्हणजे?"

"लाइट लागलेत, पण बसूनच आहेत."

मी हिशेबात होतो. म्हणालो, "मग उठव की! नऊचा शो आहे." तो क्षणभर थांबला. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं, हे मला तेव्हाही दिसलं होतं. मग "बरं" म्हणून गेला. सोमवारी मी पिक्चर उतरवून मारधाडीचा लावला. उतरवलेला पिक्चर वितरकाने शेजारच्या तालुक्यात लावला, तिथे तो अकरा आठवडे चालला. पहाटे बैलगाड्या निघायच्या, आमच्या गावातूनसुद्धा.

माझी बाजू मांडायची तर मांडता येते. शेजारच्या गावात तेव्हा उरूस होता. आमच्याकडे परीक्षा चालू होत्या. चौथ्या दिवशी गर्दी वाढली असती याची हमी कोण देणार? आणि आजोबांची वही मी आता नीट वाचलीय. एका पिक्चरपुढे "दोन खेळ, उतरवला" आणि शेजारी बारीक अक्षरात "पेटीवाला आला नाही", म्हणजे खेळाला बाजाची पेटी वाजवणारा. दुसऱ्यापुढे "पाऊस". तिसऱ्यापुढे "बाजार उद्यावर गेला". उतरवले मात्र तिन्ही. मग नाडी कुणाची बघत होते ते, पिक्चरची की त्या संध्याकाळची? कधी वाटतं, त्यांनाही माझ्याइतकंच कळत होतं. कधी वाटतं, छे, ते असते तर रविवारी हिशेब बाजूला सारून आत गेले असते.

डोअरकीपर त्यानंतर नऊ वर्षं आमच्याकडे होता. मी दर शुक्रवारी विचारायचो, "काय म्हणतंय पब्लिक?"

तो तिकिटांची अर्धुकं मोजत म्हणायचा, "एकशे बारा, मालक."