सर, ती वर्ड फाइल तेवढी पाठवा

कॉलेजच्या ग्रंथालयात मी रिपॉझिटरी सांभाळते, म्हणजे आपल्या प्राध्यापकांचे पेपर कुणालाही फुकट वाचता येतील असा ऑनलाइन साठा. त्यासाठीचं डीस्पेस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सर्व्हर जुना असला तरी चालतो. घोडं अडतं ते प्राध्यापकांकडून पेपर मिळवताना.

ओपन अ‍ॅक्सेस (पेपर सगळ्यांना फुकट वाचायला खुला) म्हटलं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला. "म्हणजे पैसे भरून छापतात तेच ना?" नाही सर. तुम्हाला हव्या त्या जर्नलमध्ये छापा. परीक्षकांच्या सूचनांप्रमाणे दुरुस्त करून, पेपर स्वीकारला गेला तेव्हाची जी शेवटची वर्ड फाइल, ती मला द्या. बहुतेक मोठे प्रकाशक ती संस्थेच्या रिपॉझिटरीत ठेवू देतात, फार तर वर्ष-दोन वर्षं थांबायला लावतात. खर्च शून्य. कुठल्या जर्नलची काय अट आहे ते मी बघते.

पण येते ती जर्नलची छापील पीडीएफ, लोगोसकट. पैसे भरून खुला केलेला पेपर नसेल, तर नेमकी तीच सहसा ठेवता येत नाही. वर्ड फाइल मागावी, तर ती जुन्या लॅपटॉपमध्ये, नाहीतर पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे, आणि तो नोकरी लागून कधीच गेलेला. म्हणून माझा हट्ट एकच: पेपर स्वीकारल्याची मेल आली, की त्याच दिवशी फाइल माझ्याकडे ढकला. फॉर्म मी भरते. डीएसटी किंवा डीबीटी, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान किंवा जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशावर काम केलेल्यांना तर स्वीकृत प्रत रिपॉझिटरीत ठेवायला त्यांच्या २०१४ च्या धोरणातच सांगितलंय.

हल्ली नवा प्रश्न येतो. "आता 'एक राष्ट्र, एक सदस्यता' आली ना, मग हे कशाला?" आली, २०२५ पासून. सरकारच्या या योजनेतून सरकारी संस्थांमधल्या लोकांना तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स वाचता येतात, चांगलंच झालं. पण द्राक्षावरच्या भुरी रोगावर तुम्ही लिहिलंत, ते निफाडच्या बागायतदाराने कुठे वाचायचं? त्याचं नाव कुठल्याच संस्थेच्या पटावर नाही.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने २००८ मध्ये 'ऑर्बी' ही रिपॉझिटरी सुरू केली आणि पदोन्नतीच्या वेळी तिथे ठेवलेलेच पेपर धरायचे, असा नियम केला. पेपर आपोआप जमा झाले. मला कोण असा अधिकार देतंय! मी एवढंच करते: कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीची, फाइल लावायची वेळ आली, की ज्यांचे पेपर रिपॉझिटरीत आहेत त्यांना लिंकसकट यादी लगेच छापून देते. बाकीचे तेव्हा मेल धुंडाळत बसलेले असतात. कार्यशाळा घेण्यापेक्षा या यादीनेच जास्त माणसं आली.

मराठी विभागाचं दुखणं निराळं. तिथे प्रकाशकाची अट क्वचितच आडवी येते, फॉन्ट येतो. जुने लेख युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेले. पीडीएफ दिसते सुरेख, पण मजकूर कॉपी करा, नुसती भलतीसलती चिन्हं. शोधून लेख सापडणार कसा? म्हणून शीर्षक, सारांश आणि चार-पाच बीजशब्द मी युनिकोडमध्ये मागून घेते, नाहीतर स्वतः टाइप करते. एका मॅडमचा जात्यावरच्या ओव्यांवरचा लेख असा चढवला, तर परभणीकडच्या एका शाळेतल्या बाईंचा फोन आला, सगळ्या ओव्या मिळतील का म्हणून. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पिशवीभर अंक माझ्या टेबलावर आणून ठेवले. आता ते स्कॅन करायला माणूस हवाय, प्राचार्यांकडे अर्ज दिलाय.