संध्याकाळ एकच असते

क्लासची चौकशी करायला येणारे पालक हल्ली फीच्या आधी विचारतात, "मॅडम, तुम्ही स्वतः कार्यक्रम करता का?" प्रश्न रास्त आहे. मी हो म्हणते, भावगीतांच्या एखाद्या कार्यक्रमाची क्लिप दाखवते. त्यात तबलजीच्या मागे अर्धीमुर्धी दिसणारी मी असते. तेवढ्यावर प्रवेश होतो. मग दोनेक महिन्यांनी त्याच पालकांचा मेसेज येतो, "या महिन्यात क्लास बुडले, भरून काढणार ना?" क्लास बुडले कारण कार्यक्रम होते.

कर्वेनगरला घरातल्या पुढच्या खोलीत मी व्हायोलिन शिकवते आणि बोलावणं आलं की वाजवायला जाते. मुख्यतः भावगीतं, नाट्यसंगीत, अधूनमधून सोलो. 'शिकवणारे कोण, तर ज्यांना स्टेज मिळालं नाही ते' असं पुण्यात कोणी तोंडावर म्हणत नाही. पुण्यात म्हणतात, "काय मग, क्लासमध्ये छान रमलीस!" त्या 'छान'चा अर्थ कळायला पुण्यात वाढावं लागतं. पण मला विचाराल तर हा गुणवत्तेचा प्रश्न फार थोडा आहे. प्रश्न घड्याळाचा आहे.

मुलं चारला शाळेतून येतात, खातात, आणि पाच ते साडेआठ हीच त्यांची शिकायची वेळ. मोठी माणसं ऑफिसातून सुटून सातला येतात. आता कार्यक्रम बघा. सहाला सुरू होणार म्हणून साउंड चेकला साडेतीन-चारला बोलावतात. संपतो साडेनऊला. म्हणजे ज्या वेळात मी पोट भरते, नेमक्या त्याच वेळात मी वादक असायला हवी. शनिवार-रविवारचंही तेच. आठवड्यात सात संध्याकाळी, आणि त्यांच्यावर दोघांचा हक्क.

हे असं कायमचं नव्हतं. माझे गुरुजी आठपर्यंत शिकवण्या करायचे, घरी येऊन चार घास खायचे, आणि मग व्हायोलिनची पेटी उचलून मैफलीला जायचे. मैफल सुरूच व्हायची साडेनऊ-दहाला. सवाई गंधर्व महोत्सव तर १९५३ पासून चालू आहे, आणि रमणबागेत तो रात्रभर चालायचा, उजाडताना भैरवी व्हायची, हे आमच्या आधीच्या पिढीकडून ऐकून ऐकून आता माझीच आठवण असल्यासारखं वाटतं. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. हळूहळू सगळं अलीकडे सरकलं. सवाई आता भर दुपारी सुरू होतो.

नियमाला माझा विरोध नाही. आमच्या सोसायटीच्या मागे लग्नाचं लॉन आहे, दहा वाजता तिथला डीजे बंद होतो तेव्हा मी त्या नियमाला मनोमन हात जोडते. बंद सभागृहाला तर नियमातून सूटही आहे. पण एकदा लोकांना नऊ-साडेनऊला घरी पोचायची सवय लागली की सभागृहात तरी रात्री दहाला गाणं ऐकायला कोण थांबणार? आणि रात्रीचा साडेनऊचा खेळ पुण्यात नाटकाचा, तिथे आमची डाळ शिजत नाही. मैफल संध्याकाळी आली, सगळ्यांची सोय झाली. फक्त ज्यांची शिकवणी संध्याकाळी असते त्यांचं काय, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं म्हणा.

याला अपवाद एकच, दिवाळी पहाट. मुलांना सुट्टी, क्लास बंद, कार्यक्रम सकाळी सहाचा. साडेतीनला उठायचं, गारठ्यात बोटं वळत नाहीत, व्हायोलिन घरी लावून नेलं तरी मंडपात पोचेपर्यंत तारा उतरलेल्या असतात, पण कोणाचा क्लास बुडत नाही. फक्त ते चारच दिवस, आणि सगळ्या पुण्याला व्हायोलिनवाले त्याच चार दिवसांत हवे असतात. एरवी वर्षभर की-बोर्डवर व्हायोलिनचा आवाज काढून भागवणारे आयोजकसुद्धा त्या चार दिवसांत फोन करतात.

व्हायोलिनवादक एन. राजम यांच्याबद्दल बोलताना लोक त्यांच्या गायकी अंगाबद्दल, म्हणजे गळ्यातून गावं तसं वाजवण्याबद्दल, बोलतात, आणि बोलायलाच हवं. मला मात्र हेवा वाटतो तो त्यांच्या वेळापत्रकाचा. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी कितीतरी वर्षं शिकवलं, तिथल्या संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि त्याच वर्षांत देशभर वाजवत राहिल्या. व्ही. जी. जोग हेही तरुणपणी लखनौच्या भातखंडे कॉलेजात शिकवायचे, नंतर आकाशवाणीत होते. विद्यापीठाची नोकरी सकाळ-दुपार घेते आणि संध्याकाळ तुमच्या हातात ठेवते. पगार महिन्याच्या महिन्याला, मैफलीचा दिवस रजेचा अर्ज टाकून. आकाशवाणीतही पूर्वी वादक पगारावर असत. मुंबईच्या सिनेमातल्या वादकांचंही असंच, रेकॉर्डिंगची शिफ्ट दिवसाची. संगीतकार प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस स्टुडिओत वाजवायचे, अरेंजिंग करायचे आणि शिकवायचेही. एका गाण्याला डझनांनी व्हायोलिनं लागायची तेव्हाची ही गोष्ट. सिंथेसायझर आला आणि ती दिवसाची शिफ्ट गेली. त्यातल्या कित्येकांनी मग शिकवण्या धरल्या, म्हणजे आले आमच्या पाच ते साडेआठमध्ये.

आता आमच्या पिढीत ही दिवसाची नोकरी शोधायची कुठे? माझ्या एका गिटारवाल्या मित्राने ती शोधली. बाणेरकडच्या एका मोठ्या शाळेत तो सकाळी आठ ते तीन गिटार शिकवतो. क्लासिकल वाजवतो तो, नायलॉनच्या तारांवर, उजव्या हाताची नखं जपून. ती नखं हेच त्याचं भांडवल. एक तुटलं की त्या आठवड्याचा कार्यक्रम गेला. अशा माणसाला शाळा एका तासाला तीसेक मुलं आणि डझनभर गिटारी देते. त्यातल्या निम्म्यांच्या तारा गंजलेल्या. मुलं 'एफ' कॉर्डपर्यंत येतात, पहिल्या बोटाने सहाही तारा दाबाव्या लागतात म्हटल्यावर बोट दुखतं आणि पुढच्या टर्मला फुटबॉल घेतात. ही गिटारची तऱ्हाच आहे. गिटारला विद्यार्थी भरपूर येतात आणि भराभर जातात. व्हायोलिनला कमी येतात, पण पहिलं वर्ष टिकला तो बहुधा दहावीपर्यंत टिकतो. त्याच्या मते मी नशीबवान, माझ्या मते तो.

शाळेचं काँट्रॅक्ट अकरा महिन्यांचं. मे महिन्याचा पगार नाही, आणि जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही हे कोणी आधी सांगत नाही. मी त्याला व्हिवाल्डी या जुन्या इटालियन संगीतकाराचं उदाहरण देते. व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात तो १७०३ पासून मुलींना व्हायोलिन शिकवायचा, आणि त्याला ठेवायचं की नाही यावर संचालक मंडळ मतदान करायचं. १७०९ मध्ये मतं विरुद्ध गेली, व्हिवाल्डी घरी. १७११ मध्ये परत बोलावलं. मित्र म्हणतो, "निदान मतदान तरी व्हायचं." संध्याकाळी तो मोकळा असतो खरा. पण सात तास तीसतीस मुलांच्या गिटारी जुळवून आल्यावर संध्याकाळी कान बधिर झालेले असतात, हे त्याचंच म्हणणं.

कानाचं मला पटतं. लहान मुलांची व्हायोलिनं पाव, अर्धी, पाऊण अशी मापाची येतात, हात लांब करून माप घ्यायचं. पाव व्हायोलिनचा आवाज मुळातच चिरका, त्यात बोटाला पडदा नाही, म्हणजे गिटारसारखी स्वराची जागा आखून दिलेली नाही. सात वर्षांचं मूल गंधार लावतं तो कणसूर, म्हणजे किंचित ढळलेला, असतो. अगदी बेसूर असता तर बरं, बेसूर लगेच ऐकू येतं. कणसूर गंधार सलग तीन तास ऐकला की तोच बरोबर वाटायला लागतो. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी मी लहान मुलांची बॅच घेत नाही, घ्यायला वेळ असला तरी. हे पालकांना समजावता येत नाही. "तुमच्या मुलीचा गंधार ऐकून माझा बिघडतो" असं कसं सांगणार?

शिकवल्याने आपलंही वाजवणं सुधारतं, असं बरेच जण सांगतात. मला अनुभव नाही. क्लासमध्ये वाजवून दाखवणं म्हणजे रियाज नव्हे. भूप रागाचा आरोह दिवसात चाळीस वेळा वाजवला तरी तो चाळीस वेळा मुलाच्या लयीत वाजवलेला असतो, गज अर्धाच ओढलेला असतो, आणि लक्ष आपल्या स्वराकडे नसून समोरच्याच्या मनगटाकडे असतं. रियाज वेगळा करावाच लागतो. तो सकाळचा.

आणि सकाळीही आता गिऱ्हाईक आलंय. कोविडनंतर माझे काही विद्यार्थी अमेरिकेत आहेत, बहुतेक पुण्याच्याच लोकांची मुलं. आपल्याकडे सकाळचे साडेसहा म्हणजे कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की पाच. पहिल्यांदा वाटलं, सापडलं उत्तर! त्यांची संध्याकाळ विकत घ्यायची, आपली मोकळी ठेवायची. फीही इथल्यापेक्षा बरी मिळते. पण ऑनलाइन बरोबर वाजवता येत नाही, आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि दोघं दोन लयीत जातात. शिवाय झूमला व्हायोलिनचा लांब स्वर गोंगाट वाटतो, तो त्याला दाबून टाकतो. 'ओरिजिनल साउंड'चं बटण शोधायला आजीला बोलवावं लागतं, आजी पुण्याहून गेलेली असते, मग आमच्या गप्पा. आणि यात जो जातो तो माझा रियाजाचा दीड तास. एक वेळ सोडवली की दुसरी अडकते.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. साथीच्या एका कार्यक्रमाचं मानधन म्हणजे साधारण दोन मुलांची महिन्याची फी. त्यात दोन तालमी, रिक्षा, साडीची इस्त्री आणि बुडालेली एक बॅच धरा. पाकीट कधी त्याच रात्री मिळतं, कधी "ताई, उद्या जीपे करतो" म्हणतात आणि तो उद्या पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी उगवतो. शास्त्रीय कलाकाराला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटी नाही असं आमच्या सीए भाच्याने मोठ्या आनंदाने सांगितलं. त्याला मी पाकीट दाखवलं.

मग स्टेज सोडत का नाही, असं बहीण विचारते. तिला सांगण्यासारखं भारदस्त उत्तर माझ्याकडे नाही. गायक अंतऱ्यावरून परत येतो, मधला तुकडा आपला असतो, चारच ओळींचा, आणि तबलजी मान वळवून बघतो. ते मला आवडतं. क्लासमध्ये कोणी मान वळवून बघत नाही.

या जूनपासून मी शुक्रवार मोकळा ठेवलाय. शुक्रवारची बॅच रविवारी सकाळी नेली. दोघांनी क्लास सोडला, एकाने रविवारी क्रिकेट असतं म्हणून आणि एकाने कारण न देता. ओळखीच्या सगळ्या आयोजकांना कळवलं की शुक्रवार संध्याकाळ नक्की, तालीमसुद्धा शुक्रवारीच ठेवा. जूनमध्ये एकही फोन आला नाही. मी शुक्रवारी संध्याकाळी दार लावून मारव्याचा, म्हणजे सूर्यास्ताच्या रागाचा, रियाज केला. कित्येक वर्षांत मारवा त्याच्या वेळेला वाजवला नव्हता, कारण त्या वेळी समोर कायम कोणीतरी भूप वाजवत असायचं. जुलैत एक चांगला कार्यक्रम आला, नाट्यपदांचा, गायिका माझ्या आवडीची, टिळक स्मारकला. गुरुवारचा.

गुरुवारच्या बॅचला मेसेज टाकलाय.