राजारामला किती?

सोमवार, रात्री

आज दिवसभर गल्लीत एकच विचारणा चालू आहे, "राजारामला किती?" सकाळी दूध घालायला आलेल्या मामांनी ३५ फूट सांगितलं. दुपारी रिक्षावाले भाऊ साडेछत्तीस म्हणाले. संध्याकाळी वाणसामान आणायला गेले तर दुकानात ३८ ऐकलं. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

समोरच्या वाड्यात लातूरकडून नवीन भाडेकरू आलेत. त्यातल्या वहिनी मला म्हणाल्या, "ताई, आज तर ऊन पडलं होतं. मग सगळे एवढे धास्तावलेत का?" त्यांचं चुकत नाही. दुष्काळी भागातून आलेल्या माणसाला पूर म्हणजे आपल्या डोक्यावर कोसळणारा पाऊस, असंच वाटणार. जिन्यात बसून त्यांना समजावून सांगितलं. आपल्या अंगणात चार सरी पडल्या काय, न पडल्या काय, नदीला त्याचं फारसं काही नाही. पाऊस पडतोय तो तिकडं घाटमाथ्यावर, गगनबावड्याला, दाजीपूरच्या रानात. ते पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीतून खाली येतं, पाचवी गुप्त सरस्वती धरायची आणि प्रयाग चिखलीपासून पुढं तिला पंचगंगा म्हणायचं. तिकडं रात्री धो धो झाला की इथं दुसऱ्या दिवशी स्वच्छ उन्हात पाणी चढताना दिसतं. उन्हातलं चढतं पाणीच जास्त धोक्याचं, कारण माणूस निर्धास्त असतो.

म्हणूनच हवामान खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं आणि शहराचा वेगळा. रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे आठ इंचांच्या वर पाऊस. आज तो घाटाला आहे. पण फोनवर फिरत आलेल्या निरोपात ‘कोल्हापूरला रेड अलर्ट’ एवढंच राहतं. मग इथं पाऊस दिसला नाही की लोक म्हणतात, काही होत नाही, उगाच घाबरवतात. इशाऱ्यावरचा विश्वास असाच उडतो, आणि मला पुराइतकीच भीती त्याची वाटते.

मंगळवार

पहाटे वारा सुटला. नुसता पाऊस असला की झोप लागते, पण वारा तसा झोपू देत नाही. पत्र्यांचा आवाज, कुणाची तरी कुंडी खाली आल्याचा आवाज. साडेचारला वीज गेली. कोपऱ्यावरचा गुलमोहर तारांवर पडला होता. माणसाला काही झालं नाही.

वीज गेली की आधी पंपाचं पाणी जातं, मग दुपारपर्यंत फोन. फोन गेले की आकडे येईनात. मग सुरू होतं ते ऐकीव बोलणं. "राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, रात्रीत शहरात पाणी!" दहाच्या सुमाराला हे वाक्य गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेलं, आणि जाता जाता दोनाचे सात दरवाजे झाले.

आमच्या वाड्यातले अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते कट्ट्यावर येऊन बसले आणि त्यांनी एकेकाला शांतपणे समजावलं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत, सात. धरण पूर्ण भरलं की पाण्याच्या दाबानं दार आपोआप उघडतं, पातळी उतरली की मिटतं. तिथं कुणी बटण दाबत नाही. एका दारातून १४२८ क्युसेक. "क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अठ्ठावीस लिटर धरा," अण्णा म्हणाले, "म्हणजे एका दारातनं सेकंदाला चाळीस हजार लिटर. कमी नाही. पण ते पाणी भोगावतीतनं इथं पोचायला वेळ लागतोय. तेवढ्यात आवरता येतंय. पळू नका, आवरा."

‘पळू नका, आवरा’ हे ऐकल्यावर बायका घरात गेल्या आणि खरोखरच आवरायला लागल्या. अण्णांसारखं माणूस प्रत्येक गल्लीला असायला हवं. बातमीत ‘विसर्ग वाढवला’ असं येतं तेव्हा ते पाणी आपल्या दारात कधी येणार, येणार का, हे कुणी सांगत नाही.

दुपारी शेजारच्या काकींचा मुलगा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मदतीला गेला होता. तिथं आणि बापट कॅम्पात दर वर्षी या दिवसांत हीच धावपळ असते. गणपती अर्धे रंगलेले, काहींचे डोळे अजून उघडायचेत, आणि ते टेम्पोत घालून उंचावर न्यायचे. शाडूच्या मूर्तीला पाणी लागलं की पुन्हा मातीच. वर्षाची कमाई एका रात्रीत विरघळताना या लोकांनी पाहिली आहे. तो भिजून परत आला आणि म्हणाला, "आई, उद्या पण जाणार." काकींनी नुसती मान हलवली आणि त्याच्यासाठी कोरडे कपडे काढले.

बुधवार

सकाळी इशारा पातळी ओलांडली. जामदार क्लबजवळ रस्त्यावर पाणी आलं. सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात जायला लागली. त्यांना कुणी सांगावं लागत नाही, बोचकी बांधलेलीच असतात.

आमच्या कट्ट्यावर मात्र आज दीड तास वाद झाला. तो सविस्तर लिहून ठेवते.

खालच्या अंगाचे दादा म्हणत होते, "आमच्यात दोन हजार एकवीसला पाणी आलं ते पाचव्या पायरीला. औंदा तेवढा पाऊस न्हाई. कशाला हलायचं?" दुसरे म्हणाले, "एकोणीसला पण असंच म्हणत हुता न्हवं?" आणि मग सगळे गप्प झाले, कारण ते खरं होतं.

२००५ साली पंचगंगा ५० फुटांच्या आसपास गेली होती. तो महापूर इथल्या प्रत्येकाच्या डोक्यात खूण होऊन बसला. भिंतीवरही कुणी कुणी रेघ मारून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा गल्लीनं त्याच रेघेकडं बघून निर्णय घेतले. पाचला उंबऱ्याला लागलं नव्हतं, म्हणून काहींनी घर सोडलं नाही. पाचला दिवाणापर्यंत आलं होतं, म्हणून काहींनी धान्याची पोती दिवाणाच्या जरा वर, टेबलावर ठेवली. आणि पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. रेघेच्या पाच फूट वर. टेबल, पोती, शिलाई मशीन, मुलांची पुस्तकं, सगळं पाण्यात. ज्यांनी मागचा पूर बघितला नव्हता ते भाडेकरू आधी निघाले, आणि ज्यांना सगळं ठाऊक होतं ते माळ्यावर अडकले.

बरं, तेवढ्यावर शहाणपण पुरं झालं का? २०१९ चं पाणी दिवसादिवसानं चढलं होतं. ‘अजून दोन दिवस आहेत’ असा हिशेब लोकांनी तिथून उचलला. २०२१ ला २२ आणि २३ जुलैला ते इतक्या वेगानं आलं की संध्याकाळी बघून झोपलेल्याला सकाळी दाराबाहेर पाय ठेवता आला नाही. त्या साली ५६ फुटांच्या वर गेलं.

जुन्या माणसांची आठवण मला फार मोलाची वाटते. नदी कुठून आत शिरते, आधी कुठला नाला उलटतो, कुठल्या बोळात ओढ असते, हे कुठल्याच नकाशात सापडत नाही, ते यांच्याकडंच मिळतं. पण ‘मागच्या खेपेला इथवर आलं होतं’ याचा अर्थ ‘याच्या वर येत नाही’ असा होत नाही. मी आज कट्ट्यावर हे बोलले. एरवी बोलत नाही. दादांनी ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही. पण संध्याकाळी त्यांच्या आईला आणि दोन्ही मुलींना त्यांनी मेव्हण्याकडं पाठवलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मला खूप बरं वाटलं.

बुधवार, रात्री उशिरा

वीज आली. आधी आत्तीला फोन लावला. ती प्रयाग चिखलीला.

"आत्ती, निघालीस का?"

"जनावरं परवाच वर नेली बाई, सोनतळीला. माणसं आज आली. तू जेवलीस का?"

सोनतळीला चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना पूर्वी जागा मिळाल्यात. तरी गावातलं घर, गोठा, मळीची जमीन कोण सोडणार? ऊस तिथं, म्हशी तिथं. २०१९ ला हजारो माणसं गावात अडकली होती. एनडीआरएफ आली, नौदलाच्या बोटी आल्या. आत्तीच्या शेजारच्यांनी दावी कापून म्हशी सोडून दिल्या होत्या, त्यातल्या काही पोहत वर लागल्या, काही नाही. तिच्या लहानपणी बोटी कुठल्या, गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून तीत बसवून माणसं काढायची, हे ती नेहमी सांगते.

आता त्यांच्या गावानं ठरवूनच टाकलंय. आकडा एवढा झाला की जनावरं, एवढा झाला की म्हातारीकोतारी आणि पोरं. कुणी वाद घालत नाही. "फुकट हेलपाटा झाला तर झाला की," आत्ती म्हणाली. "चार वर्सं फुकट झाला, तरी पाचव्या वर्साला कामाला येतोय."

गुरुवार

४२ च्या वर. पाऊस कमी, पण पाणी उतरत नाही. फूग आहे. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की आमचं पाणी पुढं सरकत नाही, जागच्या जागी फुगतं आणि मागं रेटत येतं. शहरातले नालेही मग नदीत जायचं सोडून उलटे वाहतात. आमच्याकडं पाणी नदीकडून येतच नाही, ते दुधाळीच्या नाल्याकडून, पाठीमागून येतं.

फूग म्हटलं की खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा विषय निघतोच. आज पेपर घेऊन चौघे भांडले. कर्नाटकाला त्या धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत न्यायची आहे, आणि शिरोळ तालुक्यातल्या माणसाला ते ऐकून झोप येत नाही. कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूरकडच्या लोकांची भीती मला समजते. दुसरीकडं २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली, पूररेषेतली बांधकामं यांच्याकडं बोट दाखवलं. माझं मत असं, की अलमट्टीची उंची वाढू नये म्हणून जरूर भांडावं, पण आपल्याच नाल्याकाठी गेल्या काही वर्षांत किती भराव पडले याबद्दलही तेवढ्याच जोरात बोलावं. नाल्याचं पात्र माझ्या लग्नाच्या वेळी होतं त्याच्या निम्मंही राहिलेलं नाही. ते तर आमच्या डोळ्यांदेखत झालं.

शुक्रवार

सकाळपासून पाणी स्थिर, दुपारनंतर दोन इंचांनी उतरलं. धोका पातळीला लागलं नाही. लोकांनी सुस्कारे सोडले. राधानगरीचा एक दरवाजा मिटल्याचंही कळलं.

चिखलीच्या लोकांचं डोक्यात घोळत होतं. अण्णांना म्हटलं, आपल्या गल्लीचं असं काही लिहून का काढू नये? राजारामला किती फूट झालं की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, किती झालं की कोपऱ्यावरच्या वाड्यात शिरतं, विजेची डीपी कधी बंद करावी लागते, गाडी कधी काढावी लागते, आणि कोणत्या घरात उचलून न्यावं लागेल असं माणूस आहे. अण्णांनी लगेच वही आणली. लातूरच्या वहिनींचे यजमान बांधकामावर सुपरवायझर आहेत, त्यांनी पाणी भरून उंची जुळवायची लेव्हल ट्यूब आणली. मग आम्ही घरोघर फिरून उंबऱ्यांची उंची घेतली. कोपऱ्यावरचा उंबरा आणि आमचा उंबरा यांत साडेतीन फुटांचा फरक निघाला. एवढी वर्षं इथं राहून हे कुणालाच माहीत नव्हतं.

एक गोष्ट अण्णांनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावली. हे आकडे पाणी साधारण कधी येतं त्याचे आहेत. फूग असेल, किंवा शहरातच रात्रभर पाऊस झाला तर त्याआधीही येईल. आणि कुठल्याही जुन्या पुराचा आकडा शेवटचा धरायचा नाही. निघायचा आकडा त्यांनी दोन फूट अलीकडं ओढला. दादांना तो जास्तच वाटला, त्यावरून थोडी ओढाताण झाली, शेवटी दीडवर आले.

खालच्या अंगाची तीन घरं राहिलीत. त्यातल्या एकाला कुलूप आहे. मालक पुण्याला असतात, त्यांचा नंबर काकींनी शोधून दिला. रात्री फोन केला तर ते म्हणाले, एकवीसला त्यांच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं होतं, पायरी साडेसात इंचांची. वहीत लिहून घेतलं.