बकुळीच्या फुलातलं भोक

शनिवार, पहाट

बकुळीखाली सडा पडलाय. रात्रीच जुनी सुती चादर अंथरली असेल तर चार कोपरे उचलले की काम झालं. मातीवरून वेचायचा तर ऊन यायच्या आत. नंतर कडा तपकिरी पडतात, आणि पायाखाली आलेलं फूल काळवंडतं.

फूल उलटं करून पाहिलं की मधोमध आरपार भोक. गळताना पाकळ्यांचं कडं पुंकेसरांसकट सुटून येतं; मखमली निदलं, म्हणजे देठाजवळचं बाहेरचं आवरण, आणि बीजकोश फांदीवरच राहतात. भोक म्हणजे त्या बीजकोशाची रिकामी जागा. म्हणून बकुळ खुडायची नसते. खुडलेल्या फुलात भोक मोकळं नसतं, आणि वर धरणारं फळही जातं. चांदणीला टोकं चोवीस दिसतात, पण पाकळ्या आठच. प्रत्येकीच्या पाठीला आणखी दोन पाती, म्हणून चोवीस.

सुई लागत नाही. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालपटाचा, धागा भिजवायचा, टोकाला पीळ देऊन ताठ करायचं. नाहीतर नारळाच्या हिरावर फुलं ओवून मग दोऱ्यावर सरकवायची. सगळी तोंडं एकाच दिशेला, आणि दाटीनं. सैल ओवलेला सर सुकला की आखडतो, मग फुलांपेक्षा दोराच जास्त दिसतो. हातभर सराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, त्यामुळे एका ओंजळीत फार आशा धरू नये.

ठेवायची असतील तर सावलीत, कागदावर, एकाच थरात 3-4 दिवस. उन्हात टाकली की वास उडतो. पावसात भिजलेली वेगळी काढावीत. ओलसर फूल डब्यात गेलं की एकट्यामुळे सगळ्यांना बुरशी. नीट सुकलेली मात्र साड्यांच्या घडीत महिनोन्महिने दरवळतात. मोगऱ्याला हे कधी जमलेलं नाही.

झाड चिकूच्या कुळातलं, डहाळी मोडली की पांढरा चीक येतो. फळ पिकून केशरी होतं, पिठूळ, गोड-तुरट. खाल्ल्यावर जीभ जरा जड होते. आत बहुधा एकच चपटी, चकचकीत बी. गर धुऊन ती ताजीच, बोटाच्या पेराएवढी खोल लावावी. पिशवी उंच घ्यावी, सोटमूळ लांब जातं. उगवायला वेळ लागतो, तेवढ्यात माती उकरून बघू नये.