तुम्ही विचारलंत म्हणून

"अक्का, भावाला दारू तूच आणून देत होतीस म्हणे?" गंगावेशीत दुधाला उभी राहिले तरी हेच, हळदीकुंकवाला गेले तरी हेच. हो, देत होते. तीन महिने, रोज संध्याकाळी एक क्वार्टर, पदराखाली झाकून.

त्याआधीचं कुणी विचारत नाही. तेव्हा तुम्हीच सांगत होता, चार दिवस कोंडून घाल, आपोआप सुटेल. मलाही पटलं. पटण्यापेक्षा राग जास्त होता, आईच्या पाटल्या विकून आला होता तो. शुक्रवारी रात्री माडीवरच्या खोलीला बाहेरून कडी घातली. शनिवारभर तो शिव्या देत होता. त्या ऐकून मला बरंच वाटलं, म्हटलं जोर आहे अजून अंगात. रात्री शिव्या थांबल्या. खिडकीतून पाण्याचा तांब्या दिला तर त्याला धरता येईना. सदरा घामानं चिंब. "आक्के, भिंतीवर मुंग्या चढायल्यात बघ. दार उघड की गं." भिंतीवर काही नव्हतं. मला वाटलं, सोंग करतोय. मी जिन्यात बसून राहिले. पहाटे आत धप्पकन आवाज झाला. दार उघडलं तर हातपाय ताठ, तोंडाला फेस, जीभ दातांत.

डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, माणूस दगावतोसुद्धा. हे औषधं देऊन, डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं असतं.

घरी आल्यावर तो पुन्हा प्यायला लागला. एका संध्याकाळी पैसे नव्हते आणि त्याचे हात थरथरायला लागले. दवाखान्यात न्यायला हवं होतं, माहीत होतं मला. पण पुन्हा रिक्षा, पुन्हा पेठेतले लोक दारात. मी दुकानात गेले. त्या दिवशी त्याचा जीव वाचवायला गेले, हे मी आजही म्हणेन. पुढचे तीन महिने मात्र तो घरात गप पडून राहावा, रंकाळ्यावर लोळताना कुणाला दिसू नये, म्हणून जात होते. त्याला मी माया म्हणत आले. मायाही होतीच की त्यात.

अल-अनॉनच्या सभेत जाते. १९५१ साली अमेरिकेत दारुड्यांच्या घरच्यांनी हे सुरू केलं. तिथं सांगतात, त्याचं पिणं तुमच्यामुळे नाही आणि तुमच्या ताब्यातही नाही. ताब्यात नाही, हे पटलं. माझ्यामुळे नाही, हे मन घेत नाही. कडी घालायच्या आधीपासून पीत होता, सगळं कळतं. तरी.

व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर तो दोनदा घसरला. आता आठ महिने झाले, प्यायलेला नाही. यायला उशीर झाला की मी अजून त्याच जिन्यात जाऊन बसते.

आणखी काही विचारायचं असेल तर मला वाटेत गाठू नका. घरी या, तो असताना या.